मध्यरात्रीचे नागपूर आणि सौंसरवरून जाणारी डाक

भारताच्या नकाशावर दिल्लीपासून चेन्नईपर्यंत पट्टी ठेवून सरळ रेघ ओढावी आणि दुसरी रेघ मुंबईपासून कोलकात्यापर्यंत ओढावी. दोन्ही एकमेकींना नागपूरपाशी छेदतात. दिल्लीहून थेट नागपूरला येणारी हवाई वाट सातपुडा ओलांडून मैदानात उतरते ती मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या पूर्वेला, जेमतेम दहा किलोमीटरवर. विमान भोपाळवरून वळण घेऊन नागपूरला आले, तर त्याची वाट पांढुर्णा आणि सौंसर यांच्या मधून जाते. या दोन्हींपैकी कोणत्याही वाटेने आले, तरी नागपूरला टेकण्याच्या थोडे आधी त्याच्या पंखांखाली हेच दोन तालुके असतात.

आकडे पाहिले की या छेदनबिंदूची किंमत कळते. दिल्ली ते चेन्नई हवाई अंतर सुमारे 1760 किलोमीटर आहे. दिल्ली ते नागपूर 855 आणि नागपूर ते चेन्नई 905, बेरीज पुन्हा 1760. मुंबई ते कोलकाता 1660 किलोमीटर आणि नागपूरला थांबून गेल्यास 685 अधिक 980, म्हणजे 1665. नागपूरला उतरल्याने या दोन लांबच्या प्रवासांत वळसा असा पडतच नाही. कडेकडेने जाणाऱ्यांना मात्र तो पडतो. मुंबई ते दिल्ली सरळ 1140 किलोमीटर आहे, नागपूरमार्गे 1540. मद्रास ते कलकत्ता सरळ 1380, नागपूरमार्गे 1885. पण विमान रात्री उडणार असेल आणि सगळे झोपेत असताना हा वळसा उरकणार असेल, तर चारपाचशे किलोमीटर जास्त झाले म्हणून सकाळी कुणाला काय फरक पडतो? या एका प्रश्नावर स्वतंत्र भारतातली एक विलक्षण हवाई सेवा उभी राहिली.

आगगाडीने नागपूरचे हे स्थान आधीच ओळखले होते. जी.आय.पी. रेल्वे मुंबईहून 1867 साली नागपूरला पोचली. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने ते हावड्याला जोडले. उत्तर-दक्षिण मार्ग पुरा व्हायला मात्र 1929 साल उजाडले. त्या वर्षी बल्लारशाह-काझीपेट दुवा तयार झाला आणि दिल्ली-मद्रास सरळ रेल्वे सुरू झाली. इटारसी, आमला, मुलताई, पांढुर्णा, नरखेड, काटोल, नागपूर ही त्या मार्गाची आपल्याकडची ओळ. ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस पांढुर्ण्यावरून धावू लागली. तरीही दिल्लीत टाकलेले पत्र मद्रासला पोचायला गाडीचेच दोन दिवस लागत, वर दोन्ही टोकांची छाननी आणि वाटप. मुंबई-कलकत्त्याचीही साधारण तीच कथा. व्यापाऱ्याने सोमवारी विचारलेल्या भावाचे उत्तर हाती पडेपर्यंत आठवडा संपायचा. घाई असेल त्याने तार करावी आणि शब्दागणिक पैसे मोजावेत.

विमानाने टपाल नेणे भारताला नवे नव्हते. 18 फेब्रुवारी 1911 रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडे नैनीला साडेसहा हजारांच्या आसपास पत्रे नेली. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन उतरले. ही सगळी उड्डाणे दिवसाची होती आणि दिवसाच्या विमानात टपालाच्या दृष्टीने एक मोठी उणीव आहे. पत्रे लिहिली जातात दिवसा, पेटीत पडतात संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी दुपारी निघणारे विमान ती संध्याकाळी पोचवते आणि वाटप होते तिसऱ्या दिवशी सकाळी. टपाल संध्याकाळी उचलायचे आणि भल्या पहाटे पोचवायचे असेल, तर विमानाला रात्रीच उडावे लागेल.

स्वातंत्र्यानंतर दळणवळण खाते रफी अहमद किदवई यांच्याकडे आले. बाराबंकीचा हा माणूस कामाचा झपाटा आणि धाडस यांसाठी ओळखला जात होता. चार महानगरे एका रात्रीत जोडायची, असे त्यांनी मनावर घेतले. विमानांची तेव्हा कमतरता नव्हती. महायुद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याची डकोटा विमाने भारतात स्वस्तात विकली गेली होती आणि त्यांच्या जोरावर कंपन्या धडाधड निघाल्या होत्या. प्रवासी मात्र तितके नव्हते. बहुतेक कंपन्या तोट्यात होत्या आणि टपालाचे हमखास उत्पन्न त्यांना हवे होते.

जे. आर. डी. टाटांनी या योजनेला उघड विरोध केला. रात्री विमान उतरवायला धावपट्टीवर दिवे लागतात, वाट दाखवणारी रेडिओ केंद्रे लागतात, हवामानाची नेमकी खबर देणारी यंत्रणा लागते, आणि हे सगळे आपल्याकडे अजून पुरेसे नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ते एखाद्या कारकुनाने नव्हे, तर भारतातल्या सगळ्यात अनुभवी विमानवाल्याने मांडले होते. किदवई मागे हटले नाहीत. मला या वादात दोघांचीही बाजू पटते. टाटांनी दाखवलेला धोका खरा होता आणि पुढे त्याची किंमत माणसांच्या जिवांनी चुकवावी लागली. पण सगळ्या सोयी होईपर्यंत थांबलो असतो, तर त्या सोयी कधी झाल्या असत्या, हेही विचारावे लागते. रात्री विमाने उतरायला लागली, म्हणून रात्रीच्या सोयी करणे भाग पडले.

30 आणि 31 जानेवारी 1949 मधल्या रात्री ही सेवा सुरू झाली. गांधीजींच्या हत्येला त्या दिवशी एक वर्ष होत होते. पहिले कंत्राट इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्स या कंपनीकडे होते. ती काही महिन्यांतच बसली आणि सेवाही बंद पडली. मग त्याच वर्षी हिमालयन एव्हिएशनने ती पुन्हा उभी केली, नंतर हैदराबादची डेक्कन एअरवेज तीत आली. दरम्यान 1 एप्रिल 1949 पासून टपाल खात्याने आणखी एक मोठा निर्णय अमलात आणला होता. विमानाने पत्र लवकर पोचत असेल, तर ते विमानानेच न्यायचे आणि त्यासाठी वेगळी हवाई आकारणी घ्यायची नाही. तोवर विमानाची डाक ही पैसेवाल्यांची चैन होती. या निर्णयानंतर गावातल्या शाळामास्तरचे साधे कार्डही डकोटात बसू लागले. रात्रीची विमाने आणि ही सवलत एकत्र पाहिल्याशिवाय त्या काळाचे मोठेपण लक्षात येत नाही. नुसता वेग वाढवणारे देश पुष्कळ होते. तो वेग साध्या पत्राच्या किमतीत देण्याचे धाडस एका गरीब, नुकत्याच फाळणी सोसलेल्या देशाने केले, याचा मला अभिमान वाटतो.

आता त्या रात्रीचा हिशेब पाहू. डकोटाचा वेग ताशी 260 किलोमीटरच्या आसपास. त्या वेगाने मुंबई-नागपूर अडीच तासांहून थोडे जास्त, दिल्ली-नागपूर सव्वातीन तास, मद्रास-नागपूर साडेतीन आणि कलकत्ता-नागपूर पावणेचार. चारही विमाने मध्यरात्र उलटल्यावर साधारण एकाच वेळी नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरायला हवीत. म्हणून सगळ्यात आधी निघायला हवे ते कलकत्त्याचे, आणि शेवटी मुंबईचे. मुंबईकराला म्हणूनच पत्र पेटीत टाकायला सगळ्यांपेक्षा जास्त वेळ मिळायचा.

सोनेगावला थैल्यांची अदलाबदल होई. प्रत्येक विमानात उरलेल्या तीन शहरांच्या वेगवेगळ्या बंद थैल्या असत, त्यामुळे धावपट्टीशेजारी पत्रे निवडत बसायची गरज नव्हती. कलकत्त्याची थैली कलकत्त्याकडे जाणाऱ्या विमानात, मद्रासची मद्रासकडे. प्रवासीही असेच उतरून आपापले विमान बदलत. तासाभरात चारही विमाने चार दिशांना उडत आणि उजाडता उजाडता आपापल्या शहरी पोचत. सकाळीच टपाल मुख्य कचेरीत आणि पहिल्या वाटपात पोस्टमनच्या झोळीत.

यातली काटकसर बघण्यासारखी आहे. चार शहरांच्या सहा जोड्या होतात. प्रत्येक जोडीत जाणारे एक आणि येणारे एक अशी सरळ विमाने ठेवली, तर रात्रीला बारा उड्डाणे लागतील. नागपूरला सगळ्यांनी भेटायचे ठरवले, की चार टप्पे येण्याचे आणि चार जाण्याचे, एवढ्यात काम भागते, आणि विमाने लागतात फक्त चार. अमेरिकेत फ्रेड स्मिथ यांच्या फेडरल एक्स्प्रेसने मेम्फिस शहरात रात्री सगळी विमाने एकत्र आणून पार्सले अदलाबदल करायला सुरुवात केली ती 17 एप्रिल 1973 रोजी, चौदा विमाने आणि पंचवीस शहरे घेऊन. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत मेम्फिसचे उदाहरण हमखास असते. नागपूरने तेच काम चोवीस वर्षे आधी, जुन्या लष्करी विमानांवर, सरकारी टपालासाठी करून दाखवले होते. ते या पुस्तकांत मला कुठे भेटलेले नाही.

पांढुर्णा आणि सौंसरला या सगळ्याचे काय? त्या वेळी हे दोन्ही गाव छिंदवाडा जिल्ह्यात आणि छिंदवाडा मध्य प्रांत-वऱ्हाडात, ज्याची राजधानी नागपूर होती. कचेरी, हायकोर्ट, विद्यापीठ, मोठा दवाखाना, संत्र्याची बाजारपेठ, सगळे नागपूरला. टपालाचीही वाट तीच. पांढुर्ण्याचे पत्र मोठ्या लाइनवरच्या गाडीने शंभरेक किलोमीटरवरच्या नागपूरला जायचे. ते संध्याकाळपर्यंत तिथल्या आर.एम.एस.मध्ये, म्हणजे रेल्वे टपाल सेवेत, पोचले, की रात्रीच्या विमानाला मिळण्याची सोय होती, आणि विमान मिळालेले कार्ड दुसऱ्या दिवशी सकाळी कलकत्त्यात किंवा मद्रासमध्ये. जबलपूरला जाणारे पत्र कदाचित त्याच वेळी कुठल्यातरी जंक्शनवर पुढच्या गाडीची वाट पाहत पडलेले असेल. अंतर किलोमीटरवर कमी आणि गाठभेटीवर जास्त अवलंबून असते, हे या भागातल्या व्यापाऱ्यांना आणि आडत्यांना समजावून सांगण्याची गरज नव्हती. ते रोज तेच करीत होते.

सौंसर मात्र छोट्या लाइनवर. नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज गाडी सावनेर, केळोद, लोधीखेडा करत सौंसरला यायची, आणि पुढे रामाकोना ओलांडून घाट चढायची. दीडशे किलोमीटरच्या त्या सबंध मार्गाला सहा-सात तास लागत, म्हणजे सौंसर ते नागपूर तीन तासांहून जास्त. डकोटाला नागपूरहून दिल्ली गाठायलाही जवळपास तेवढाच वेळ लागत होता. सौंसरहून दिल्लीला टाकलेले पत्र आधी तीन तास दक्षिणेला, उलट्या दिशेने नागपूरला जाई आणि मध्यरात्रीनंतर सौंसरच्याच आकाशातून उत्तरेला निघून जाई. पहिल्या सत्तर किलोमीटरना जितका वेळ, तितकाच पुढच्या साडेआठशेंना. त्या काळच्या प्रवासाचे इतके नेमके चित्र मला दुसरीकडे सापडलेले नाही.

खालून हे विमान किरकोळ वाटत असेल, पण वैमानिकासाठी हा टप्पा सोपा नव्हता. डकोटात हवेचा दाब राखण्याची सोय नसते. त्यामुळे ते फार उंच जाऊ शकत नाही, ढगांच्या वरून सुरक्षित निघून जाण्याची मुभा त्याला नाही. ढगातले वादळ दाखवणारे रडारही त्यात नव्हते. नागपूरची जमीन समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरवर आणि छिंदवाड्याचे पठार साडेसहाशेच्या वर. मधे सिल्लेवानीचा घाट. जून ते सप्टेंबरात याच चढावर बंगालच्या उपसागरातून आलेला पाऊस ढग रचून ठेवतो. पावसाळ्यात इथल्या रात्री किती काळ्या असतात, हे कन्हान आणि जाम नदीच्या काठी राहणाऱ्यांना सांगायला नको. त्या अंधारात खाली एकही ओळखीचा दिवा दिसत नसताना, कानाला लावलेल्या रेडिओच्या खुणेवर, घड्याळ आणि होकायंत्राच्या हिशेबावर विमान नागपूरकडे आणायचे, आणि तेही रोज रात्री.  या वैमानिकांतल्या काहींनी 1947 मध्ये फाळणीतले निर्वासित आणले होते, काश्मीरला सैन्य पोचवले होते. कच्च्या पट्टीवर उतरण्याची त्यांना सवय होती. त्या सवयीवरच योजनेची पहिली वर्षे निभावली.

12 डिसेंबर 1953 च्या पहाटे ते निभावले नाही. मद्रासकडे निघालेल्या डकोटाच्या एका इंजिनाची शक्ती सोनेगावहून उडाल्यावर लगेचच गेली आणि विमान विमानतळाजवळच कोसळून पेटले. विमानात चौदा जण होते. दहा प्रवासी आणि तीन कर्मचारी दगावले, वैमानिक एकटा वाचला. मृतांमध्ये कामगार पुढारी आणि लोकसभेचे सदस्य हरिहरनाथ शास्त्री होते. दोष इंजिनाचा होता, धावपट्टीवरच्या दिव्यांचा नव्हता. पण रात्रीच्या अंधारात, रिकाम्या शेतात विमान सावरून टेकवणे किती कठीण असते, हे त्या पहाटे दिसले.

तोवर कंपन्यांचे दिवसही संपले होते. 1950 साली मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती जी. एस. राजाध्यक्ष यांच्या समितीने विमान कंपन्यांची तपासणी केली आणि गरजेपेक्षा जास्त कंपन्यांना परवाने दिले गेले, हे स्पष्ट लिहिले. 1 ऑगस्ट 1953 रोजी आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स झाली. त्यांत हिमालयन आणि डेक्कन दोन्ही होत्या. रात्रीची टपालसेवा नव्या महामंडळाकडे आली आणि टिकली. डकोटांच्या जागी चार इंजिनांची स्कायमास्टर आली, नंतर व्हायकाउंट. आकाशातला आवाज बदलला, वेळ थोडी कमी झाली, भेटीचे ठिकाण तेच राहिले.

जमिनीवरच्या रेषा मात्र बदलल्या. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिले. मराठी बोलणारे पांढुर्णा आणि सौंसर सीमेच्या पलीकडच्या बाजूला राहिले. राजधानी भोपाळ झाली, हायकोर्ट जबलपूरला गेले. पांढुर्ण्याहून नागपूर शंभरेक किलोमीटर, भोपाळ पावणेतीनशेच्या पुढे. सरकारी कागद उत्तरेकडे जाऊ लागले आणि माणसे पूर्वीसारखी दक्षिणेकडेच जात राहिली: दवाखान्याला, लग्नाच्या खरेदीला, संत्री विकायला, मुलांच्या शिक्षणाला. टपालालाही या सीमेचे सोयरसुतक नव्हते. रात्रीचे विमान सोनेगावलाच मिळत होते. दोन राज्ये झाल्यावरही या भागाचे दूरच्या शहरांशी असलेले नाते नागपूरमार्गेच राहिले, आणि मला वाटते, हा परिसर मनाने भोपाळपेक्षा नागपूरच्या जवळ राहण्यामागे भाषेइतकेच हे रोजचे दळणवळणही आहे. 2023 साली पांढुर्णा जिल्हा झाला. सौंसर त्यात आले. जिल्ह्याचे ठिकाण जवळ आले ही चांगली गोष्ट झाली, पण विमान धरायचे तर रस्ता आजही नागपूरचाच.

सेवेचा शेवट जेट विमानांनी केला. 1964 साली इंडियन एअरलाइन्सकडे कॅराव्हेल आले, 1970 नंतर बोइंग 737. दिल्ली-मद्रास हे अंतर अडीच-पावणेतीन तासांवर आले. आता विमान थांबवून कुणाला भेटवायचे कारण उरले नाही. सरळ विमाने दिवसभर धावू लागली आणि टपालही त्यांतून विभागून जाऊ लागले. त्यातच इंधन महागले. सत्तरच्या दशकात नागपूरच्या मध्यरात्रीच्या भेटी थांबल्या. आज दिल्ली-चेन्नई विमान सौंसर-नागपूर पट्ट्यावरून दहा-अकरा किलोमीटर उंचीने पाच-सहा मिनिटांत निघून जाते. सोनेगाव विमानतळाला बाबासाहेबांचे नाव आहे, शेजारी मिहान प्रकल्प आहे, आणि देशाच्या मध्यावरून माल वाटायचा ही जुनी कल्पना तिथे नव्या शब्दांत पुन्हा मांडली गेली आहे. सौंसरची छोटी लाइन 2015 साली बंद झाली, तिच्या जागी ब्रॉडगेज आली.

या सेवेचा लिखित इतिहास वैमानिक, मंत्री आणि उद्योगपती यांच्याभोवती फिरतो. थैल्या उचलणारे, शिक्के मारणारे, भर थंडीत धावपट्टीच्या कडेला उभे राहून मोजदाद करणारे त्यात नाहीत. सेवेच्या अखेरच्या वर्षांत विशी-पंचविशीत सोनेगावला किंवा आर.एम.एस.ला रात्रपाळी केलेली माणसे आज पंचाहत्तरीच्या आसपास किंवा त्यापुढे आहेत. नागपुरात, सावनेरला, पांढुर्ण्याला, सौंसरला अशी निवृत्त माणसे अजून असणार. महाविद्यालयांतल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे जावे आणि विचारावे: रात्रीला किती थैल्या यायच्या, छोट्या लाइनची गाडी उशिरा आली तर सौंसरची डाक कशी पळवायचे, पावसात एखादे विमान उतरू शकले नाही तर उरलेली तीन किती वेळ थांबायची, आणि पाळी संपल्यावर घरी कसे जायचे.